पहिली क्रूझ, सोबत आई-बाबा आणि दोन मुलं: मोठं जहाज की छोटं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, आईचे गुडघे दुखतात, मुलं ११ आणि ६ वर्षांची, घरात कुणीच आजवर क्रूझ केलेली नाही आणि समोर तीन पर्याय आहेत. एक म्हणजे मुंबईहून लक्षद्वीप, दुसरा सिंगापूरहून मोठं जहाज आणि तिसरा जरा जास्त पैसे घालून युरोपात एखादं छोटं निवांत जहाज. त्यात एक नातेवाईक म्हणतात मोठ्या जहाजावर नुसती जत्रा असते आणि दुसरे म्हणतात छोटं जहाज फार हलतं, बोट लागते. दोघांचं अर्धं अर्धं खरं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

मी १४ वर्षं जहाजांवर रिसेप्शनला होतो. पहिली काही वर्षं साडेतीन हजार प्रवाशांच्या जहाजावर, नंतर सहाशेच्या आसपास प्रवासी असलेल्या छोट्या जहाजावर. आता ठाण्यात लोकांची क्रूझची बुकिंगं करून देतो. लोक नाराज का होतात हे रिसेप्शनच्या काउंटरवर सगळ्यात आधी कळतं आणि तिथे मी एक गोष्ट शिकलो, जहाज वाईट असतं असं क्वचितच होतं, ते त्या माणसांसाठी चुकीचं असतं.

आता आधी आकार म्हणजे काय ते बघू, कारण जाहिरातीत जो टनांचा आकडा देतात, ग्रॉस टनेज, ते जहाजाचं वजन नाहीच. जहाजाच्या आतल्या बंद जागेचं घनफळ मोजून काढलेला तो आकडा आहे, म्हणजे घर किती मोठं आहे एवढंच तो सांगतो, घरात माणसं किती राहणार आहेत ते सांगत नाही. म्हणून तो आकडा प्रवाशांच्या संख्येने भागायचा, एका केबिनमध्ये दोन माणसं धरून. जे उत्तर येतं ती माणशी जागा, आणि माझ्या मते जहाज निवडताना पहिल्यांदा बघायचा आकडा हाच.

उदाहरण देतो म्हणजे पटेल. आपल्याकडे कॉर्डेलिया कंपनीची जी एम्प्रेस मुंबईहून सुटते ती १९९० सालची, साधारण ४८,५०० टनांची, प्रवासी साधारण १,६००. भागाकार केला की ३० येतात. आता वायकिंग कंपनीची समुद्रातली जहाजं घ्या, २०१५ पासून आलेली, तीही ४७,८०० टनांचीच, पण प्रवासी ९३०. भागाकार ५१. कागदावर दोन्ही जहाजं एकाच मापाची आणि राहण्यात जमीन-अस्मानाचा फरक, एकावर जेवायच्या वेळी टेबल शोधावं लागेल आणि दुसऱ्यावर दुपारी लायब्ररीत तुम्ही एकटेच असाल. पण थांबा, लगेच वायकिंग बुक करू नका. तिथे १८ वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत, कॅसिनो नाही, स्लाइड नाही, रात्रीचा धांगडधिंगा नाही. आई-बाबा दोघंच जाणार असते तर मी तेच सुचवलं असतं.

दुसरी जोडी बघा. सिंगापूरहून जी जेंटिंग ड्रीम जाते ती दीड लाख टनांची, लांबी ३३५ मीटर. साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क जाणारी क्वीन मेरी २ सुद्धा जवळपास दीड लाख टनांचीच, लांबी ३४५ मीटर. आकाराने बहिणी म्हणाव्यात अशा. पण क्वीन मेरी अटलांटिक ओलांडायलाच बांधलेली, सात रात्री फक्त समुद्र, संध्याकाळी लोक सूट-टाय घालून जेवायला येतात, जहाजावर तारांगण आहे, व्याख्यानं असतात, आणि जेंटिंग ड्रीमवर वॉटर स्लाइड, रोप कोर्स, भारतीय जेवण, सगळीकडे पोरंच पोरं. तेव्हा मोठं म्हणजे जत्रा हे समीकरण बरोबर नाही, ते जहाज कुणासाठी बांधलंय त्यावर सगळं ठरतं.

सगळ्यात मोठ्यांपैकी एक बघायचं तर २०२४ ला सुरू झालेली आयकॉन ऑफ द सीज, जवळपास अडीच लाख टन, लांबी ३६५ मीटर, केबिनमागे दोन माणसं धरून ५,६१० प्रवासी. माणशी ४४ आले, म्हणजे भागाकार चांगलाच आहे. पण तिथे सगळे पलंग भरले की प्रवासी ७,६०० होतात आणि तोच भागाकार ३२-३३ वर येतो. हे फार महत्त्वाचं आहे आणि बुकिंग करताना याचा कुणी विचारच करत नाही. तिसरा-चौथा पलंग कधी भरतो? शाळांना सुट्टी असते तेव्हा. म्हणजे मे, दिवाळी, नाताळ. तेच जहाज जानेवारीच्या अखेरीस निवांत वाटेल आणि नाताळात बुफेसमोर अर्धा तास उभं राहावं लागेल. मुलांच्या शाळेमुळे तुम्हाला सुट्टीतच जायचंय हे मला कळतं, पण निदान डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि चिनी नववर्षाचा आठवडा टाळा, सिंगापूरच्या जहाजांवर तेव्हा पाय ठेवायला जागा नसते.

आता बोट लागण्याबद्दल. मोठं जहाज कमी हलतं हे खरं, पण ते किती हलेल हे त्याच्या आकारापेक्षा समुद्र कुठला आणि महिना कुठला यावर जास्त ठरतं. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, ते डावी-उजवीकडचं डुलणं बऱ्यापैकी थांबवतात, पण नाक वर-खाली होतं ते त्यांना थांबवता येत नाही. म्हणून केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर घ्यायची, पाळण्यात कसं टोकाला बसलेल्याला जास्त झोका लागतो, तसंच आहे हे. सिंगापूर ते पेनांग हा सगळा प्रवास मलाक्काच्या सामुद्रधुनीतून आहे, एका बाजूला सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूला मलेशिया, मध्ये पाणी अडून राहिलेलं, मोठ्या लाटा तयार व्हायला जागाच नाही. अधूनमधून वादळी पाऊस येतो, तासाभरात जातो. अरबी समुद्र नोव्हेंबर ते मार्च शांत असतो, पावसाळ्यात मात्र नाव काढायचं नाही, त्या महिन्यांत मुंबईहून क्रूझ सुटतच नाहीत, पूर्वीची कोकणची बोटसुद्धा पावसाळ्यात बंदच असायची. बोट लागण्याची गोळी घ्यायची तर त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते, आई-बाबांना बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. आवळासुपारी, आलेपाक जवळ असू द्याच.

आता मी जास्त वेळ जिथे घालवणार आहे तो मुद्दा, कारण तुमच्या घरासाठी सगळं इथेच ठरणार आहे, आणि तो म्हणजे जहाज बंदराला लागतं की बाहेर नांगर टाकतं.

माझी आजी दाभोळची. ती सांगायची की मुंबईची बोट धक्क्याला लागायचीच नाही, लांब पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडावात बसून बोटीपर्यंत जायचं, मग खालीवर होणाऱ्या पडावातून खलाशी हात धरून वर ओढून घ्यायचे, लुगडं सावरत, कडेवर पोर घेऊन. क्रूझवर याच प्रकाराला टेंडर म्हणतात. जहाज मोठं असेल आणि बंदर उथळ असेल तर जहाज बाहेर थांबतं आणि लाइफबोटीतून नाहीतर किनाऱ्यावरच्या होड्यांतून लोकांना नेतात. खलाशी आजही हात धरतातच, पण होडी आणि जहाज एकाच तालात हलत नाहीत आणि तो एक पाय उचलून टाकायचा क्षण गुडघे दुखणाऱ्या माणसाला फार भीतीचा जातो. मी कितीतरी आजी-आजोबांना त्या दारातून परत फिरताना पाहिलंय, आणि मग ते दिवसभर केबिनमध्ये बसून राहतात आणि मुलगा-सून किनाऱ्यावर अपराधी वाटून घेत फिरतात. व्हीलचेअर असेल तर लाटा बघून जहाजावरचे लोक नाहीच म्हणू शकतात, आणि ते बरोबरच असतं.

लक्षद्वीपला नेमकं हेच आहे. तिथे मोठ्या जहाजाला लागायला धक्का नाही, जहाज बाहेर उभं राहतं आणि होडीनं बेटावर जायचं. समुद्र शांत असेल तर अतिशय सुंदर, ते पाणी बघून मुलं वेडी होतील, पण आईंसाठी मी हे सुचवणार नाही. शिवाय हवा बिघडली तर बेटावर उतरणंच रद्द होतं, आणि मग चार-पाच दिवस सगळं जहाजावरच. मुंबई-गोवा दोन रात्रींची करायची असेल तर आनंदाने करा, व्हिसा नाही, विमान नाही, जेवण आपलं, जैनसुद्धा मिळतं, घरच्यांना समुद्र झेपतो का ते कळेल. जहाज जुनं आहे, १९९० साली बाल्कन्यांची पद्धत एवढी नव्हती, त्यामुळे बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच आहेत आणि साध्या केबिन लहान आहेत हे मनात धरून जा. (२०१८ ला मुंबई-गोवा आंग्रिया सुरू झाली होती, १३१ मीटरची, चारशेच्या आत प्रवासी, छोट्या बोटीचा अनुभव आपल्याच किनाऱ्यावर मिळत होता, ती राहिली असती तर मी पहिलं नाव तिचंच घेतलं असतं.)

सिंगापूरच्या मार्गावर पेनांग बघा, तिथे जहाज थेट जॉर्जटाउनच्या धक्क्याला लागतं, उतरलं की गाव. आई दहा मिनिटं चालून, रिक्षात बसून, कॉफी पिऊन परत येऊ शकतात. फुकेतला मात्र मोठी जहाजं बऱ्याचदा पातोंगसमोर नांगर टाकतात, तिथे परत होडी. पोर्ट क्लांग असेल तर धक्का आहे, पण क्वालालंपूर तिथून बसने तासाभरापेक्षा जास्त. हे शेवटचं युरोपात तर फारच होतं, वेळापत्रकात रोम लिहिलेलं असतं आणि जहाज चिविटावेक्कियाला लागतं, तिथून रोम साधारण ७०-८० किलोमीटर. पॅरिस लिहिलेलं असतं आणि बंदर असतं ल हाव्र, पॅरिसपासून २०० किलोमीटर. सकाळी सातला उतरायचं, पाच-सहा तास बसमध्ये, संध्याकाळी धावत परत. म्हणून वेळापत्रकात शहराचं नाव बघून हुरळून जाऊ नका, खाली बंदराचं नाव वाचा आणि नकाशावर अंतर मोजा.

युरोपात छोट्या जहाजाचा खरा फायदा इथेच आहे. व्हेनिसमध्ये ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरची जहाजं सेंट मार्क चौकाच्या समोरून जाऊच शकत नाहीत, मोठ्या जहाजांना मार्गेरा, त्रिएस्ते, रावेन्ना असं बाहेर कुठेतरी थांबावं लागतं. छोटी जहाजं गावाच्या जवळ जातात, लोक कमी म्हणून उतरायला रांग नाही. अंटार्क्टिकाला तर नियमच आहे, ५०० हून जास्त प्रवासी असलेलं जहाज कुणालाही किनाऱ्यावर उतरवत नाही आणि छोट्या जहाजांवरूनही एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १०० माणसं. माझ्याकडे नंतर आलेल्या एका कुटुंबाला हे कुणी सांगितलंच नव्हतं, मोठ्या जहाजाचं स्वस्त तिकीट काढून गेले, बर्फ डेकवरून बघितला, पेंग्विन दुर्बिणीतून, आणि परत आले. एवढ्या लांब जाऊन पाय टेकला नाही याचं त्यांना अजून वाईट वाटतं. गालापागोसलाही जहाजावर १०० च्या वर प्रवासी चालत नाहीत. म्हणजे जिथे जागा बघणं हाच हेतू आहे तिथे छोटं जहाज आणि जिथे जहाजच सुट्टी आहे तिथे मोठं, माझा हिशोब साधारण असा असतो.

पण छोट्या जहाजावर सहा वर्षांचं मूल काय करणार हा विचार करा. मी छोट्या जहाजावर होतो तेव्हा एक कुटुंब आलं होतं, दोन मुलं, जहाजावर दुसरं मूलच नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांनी लाड केले, तिसऱ्या दिवशी मुलं रडकुंडीला आली आणि आईवडील त्यांना गप्प करत करत थकले. त्याच जहाजावर एक आजी होत्या, शाकाहारी, आमचा गोव्याचा कुक त्यांच्यासाठी रोज रात्री वरणभात करायचा, न सांगता टेबलावर यायचा, हे सुख साडेतीन हजार माणसांच्या जहाजावर मिळत नाही. तिथे बुफेत भारतीय काउंटर असेल, पण जैन किंवा बिनकांदा-लसणाचं हवं असेल तर आधी कळवावं लागतं, बुकिंग झालं की लगेच लेखी कळवा, चढल्यावर सांगून उशीर होतो.

डॅन्यूबवरच्या नदीच्या क्रूझबद्दलही लोक विचारतात. ती जहाजं लांबीला सहसा १३५ मीटरच्या वर जात नाहीत, प्रवासी १६०-१९०, पाणी अजिबात हलत नाही आणि बोट गावात लागते. आई-बाबांसाठी छान, मुलांसाठी नाही. सध्या सोडून द्या.

मोठ्या जहाजाचा आई-बाबांना एकच खरा त्रास आहे, चालणं. ३३५ मीटर म्हणजे थिएटर एका टोकाला आणि जेवण दुसऱ्या टोकाला असेल तर एका फेरीत तुमच्या कॉलनीतली संध्याकाळची फेरी होते. म्हणून केबिन मध्यावरच्या लिफ्टजवळ घ्यायची. स्वस्तातली 'गॅरंटी' केबिन घेऊ नका, त्यात केबिनचा नंबर कंपनी ठरवते, आणि ती पार टोकाला निघाली की आईंचे हाल.

केबिनची एक युक्ती सांगतो, माझ्याकडच्या बहुतेक कुटुंबांना हीच करून देतो. आई-बाबांना बाल्कनीची केबिन आणि तुम्ही चौघं त्यांच्या अगदी समोरच्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये. सकाळचा चहा सगळ्यांनी त्यांच्या बाल्कनीत घ्यायचा, मुलं झोपताना अंधारात गाढ झोपतात, पैसे बरेच वाचतात. उलटं करू नका, वयस्क माणसांना बिनखिडकीच्या खोलीत सकाळ झाली की रात्र आहे तेच कळत नाही, गोंधळतात. चार जणांच्या केबिनमध्ये दोन पलंग वरून खाली येतात, शिडी असते, ११ वर्षांच्याला वर द्या. आणि मुलांना बाल्कनीत एकटं सोडायचं नाही, एक मिनिटसुद्धा नाही, हे मी हात जोडून सांगतो. चार जणांची केबिन लवकर बुक करा, कारण लाइफबोटीत जेवढी माणसं मावतात तेवढाच हिशोब असतो, जहाजाच्या त्या भागातल्या लाइफबोटीची माणसं भरली की केबिन रिकामी असूनही तिसरा-चौथा पलंग देत नाहीत.

किड्स क्लबमध्ये वयाप्रमाणे गट असतात, तुमची दोघं बहुधा वेगवेगळ्या गटात जातील. धाकट्याला दादाशिवाय राहायची सवय नसेल तर पहिल्या दिवशी तिथे थोडा वेळ तुम्हीच थांबा.

पैशाचं असं, की तिकिटाचा आकडा हा शेवटचा आकडा नसतो. अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर टिपच माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर धरतात, मुलांचीसुद्धा, म्हणजे सहा माणसं चार रात्री म्हटलं की ३८४ ते ४८० डॉलर नुसती टिप. मग वायफाय, कोल्ड्रिंक, स्पेशल रेस्टॉरंट, किनाऱ्यावरच्या सहली. महागड्या छोट्या जहाजांवर यातलं बरंच तिकिटातच असतं, म्हणून तुलना करताना दोन्हीकडे हे सगळं धरून मगच बघा, कधी कधी फरक वाटतो तेवढा राहत नाही. घरची मेडिक्लेम सहसा परदेशात चालत नाही, जहाजावरचा डॉक्टर महाग असतो, त्यामुळे प्रवासी विमा आई-बाबांचा आजार लिहून काढा, लपवून काढू नका. चढताना मोठ्या बॅगा ते घेतात आणि केबिनवर संध्याकाळपर्यंत येतात, म्हणून औषधं, पासपोर्ट, मुलांचे पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत. व्हिसाचं एवढं लक्षात ठेवा की जहाज सिंगापूर सोडून जातं आणि परत येतं, म्हणून पुन्हा प्रवेश चालणारा व्हिसा हवा. मलेशिया-थायलंडचे नियम बदलत असतात, ते बुकिंग करायच्या दिवशीच बघा.

तर तुमच्यासाठी माझं उत्तर सिंगापूर, मोठं जहाज, तीन किंवा चार रात्री, पेनांग असलेला मार्ग, होडीतून उतरायचं नसलेला. युरोपातलं छोटं जहाज आई-बाबांच्या लग्नाच्या पुढच्या मोठ्या वाढदिवसाला त्या दोघांसाठी राखून ठेवा. मला फक्त दोन गोष्टी कळवा, आई एका दमात किती चालू शकतात आणि जिना चढताना कठडा लागतो का, मग डेकचा नकाशा बघून कोणत्या नंबरच्या केबिन मागायच्या ते सांगतो.